अध्यापन आणि अभिनय : खानदेशांतील दोन धडे

शिक्षकानें नट व्हावें काय, असें विचारतांच पुष्कळ सुज्ञ माणसांच्या कपाळास आठ्या पडतात. रंगभूमि निराळी आणि शाळा निराळी, असें त्यांचें म्हणणें. परंतु ज्या समाजानें वेदान्त आणि पुराणें शतकानुशतकें कीर्तनकाराच्या तोंडून ऐकलीं, त्यानें तरी हा आक्षेप घेऊं नये. कीर्तनकार पूर्वरंगांत सिद्धान्त मांडतो, उत्तररंगांत आख्यान लावतो आणि राजा, दूत, दासी यांच्या भूमिका वेष न पालटतां एकटाच वठवितो. लोकशिक्षणाची आमची जुनी शाळा ती हीच.

या कलेचें शाळेंतील रूप पाहावयाचें तर आजच्या जळगांव जिल्ह्यांतील अमळनेरकडे वळलें पाहिजे. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी, १९२४ सालीं तेथील प्रताप हायस्कुलांत शिक्षक झाले. वसतिगृहाचें कामहि त्यांजकडे आलें. १९२८ त त्यांनीं 'विद्यार्थी' मासिक काढलें आणि १९३० त सत्याग्रहासाठीं नोकरी सोडली. गोष्ट सांगतांना त्यांचा कंठ दाटून येई, डोळे भरत. भरतमुनींनीं अभिनय चार प्रकारचा सांगितला : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. गुरुजींपाशीं वेषभूषेचा आहार्य नव्हता. त्यांचें बळ वाणींत आणि अश्रूंसारख्या सात्त्विक भावांत होतें. शिवाय आजारी मुलाची शुश्रूषा करणाराच रात्रीं गोष्ट सांगत असल्यानें त्या अश्रूंवर मुलांचा विश्वास बसे.

तथापि या पद्धतींत एक धोका आहे, तो आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. शिक्षक रडला कीं मूल रडतें. पण रडणारें मूल विचार करतेंच असें नाहीं. हृदय हेलावलें म्हणजे धडा समजला, असा भ्रम दोघांसहि होऊं शकतो.

या धोक्यावरील उतारा खानदेशांतच, धुळ्याच्या तुरुंगांत सांपडतो. १९३२ सालीं २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारीं एक, याप्रमाणें विनोबांनीं गीतेच्या अठरा अध्यायांवर सहबंद्यांपुढें प्रवचनें केलीं. तेथें नाट्य असें कांहींच नव्हतें. नित्याच्या व्यवहारांतला साधा दृष्टान्त द्यावयाचा, आणि त्याच्या आधारें श्रोत्यास विचाराच्या पुढल्या पायरीवर न्यावयाचें, एवढेंच. तीं उतरून घेणारे लेखक होते साने गुरुजी! मुलांस डोलविणारा हा वक्ता तेथें श्रोता झाला. पुढल्याच वर्षीं नाशिकच्या तुरुंगांत त्यांनीं 'श्यामची आई' लिहिली, तीहि रात्रीमागून रात्र सांगितलेल्या बेचाळीस कथांच्या रूपानें. लेखणी हातीं घेतल्यावरहि समोर बसलेला श्रोता त्यांनीं सोडला नाहीं.

शिक्षकानें आवाज, विराम आणि मुद्रा यांचा अभ्यास अवश्य करावा. नीरसपणा म्हणजे विद्वत्ता नव्हे. मात्र घंटा झाल्यावर वर्गाबाहेर पडणारीं मुलें मास्तरांच्या नकलेविषयीं बोलतात, कीं धड्यांतील प्रश्नाविषयीं भांडतात, हें त्यानें कान देऊन ऐकावें. तीं भांडत असतील, तर त्याचा अभिनय साधला असें आम्ही म्हणूं.