बीडीएसचे गुण नक्की काय मोजतात?

‘इंग्रजीवरील प्रभुत्व आणि बीडीएसचे निकाल’ असा विषय घेऊन आराखडा लिहायला बसला असाल, तर आधी थोडं मागे जाऊ.

१८२२ साली कलकत्त्यात नेटिव्ह मेडिकल इन्स्टिट्यूशन सुरू झाली. तिथं वैद्यक हिंदुस्तानीतून शिकवत. १८३५ मध्ये बेंटिंकच्या सरकारनं ती बंद केली आणि इंग्रजी माध्यमाचं कलकत्ता मेडिकल कॉलेज उघडलं. आता नीट बघा, प्रवेशासाठीच इंग्रजी लिहिता-वाचता येण्याची अट होती. ज्यांना ते येत नव्हतं, ते वर्गापर्यंत पोचलेच नाहीत. अशा वर्गाच्या निकालावरून माध्यमाबद्दल काय सिद्ध होणार? पुढे १८३९ मध्ये त्याच कॉलेजात हिंदुस्तानी वर्ग काढावा लागला आणि १८५२ मध्ये बंगाली. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजातही १८६० च्या दशकात मराठी-गुजराती वर्ग आले.

दंतशिक्षण त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आलं. अमेरिकेत शिकून आलेल्या डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. विद्यार्थ्यांसाठी १९२८ साली त्यांनी लिहिलेलं पुस्तक इंग्रजीतच होतं.

आज नीट परीक्षा मराठीतून देता येते. पण बीडीएसची पुस्तकं, पेपर आणि तोंडी परीक्षा इंग्रजीत. समजा, दात का किडतो हे एका मुलीला पक्कं माहीत आहे, पण तोंडीला वाक्य जुळत नाही. गुण गेले. ते दंतशास्त्राचे गेले की इंग्रजीचे? गुणपत्रिका हे सांगत नाही. तुम्ही मात्र ‘इंग्रजी कच्चं, म्हणून शिकणं कच्चं’ असा निष्कर्ष काढून मोकळे व्हाल, आणि तो शिक्का त्या मुलीवर बसेल.

म्हणून आराखड्यात चार गोष्टी घाला. लेखी-तोंडीचे गुण आणि प्रत्यक्ष रुग्णावरच्या कामाचे गुण वेगळे ठेवा. नीटचे गुण आधारासाठी घ्या, म्हणजे सुरुवातीचा फरक कळेल. पहिलं वर्ष आणि शेवटचं वर्ष स्वतंत्र तपासा. जमल्यास तोच प्रश्न काही विद्यार्थ्यांना मराठीतही विचारा.

आणि हो, मध्येच शिक्षण सोडून गेलेल्यांची यादी मागायला विसरू नका. १८३५ च्या वर्गात जे नव्हते, ते निकालात दिसलेच नाहीत. तुमच्या नमुन्यात कोण नाही, हे तरी लिहून ठेवा.