जे यंत्र अजून बनलेच नव्हते त्याची पूर्ण किंमत : बिटकॉइन खाणकामाच्या आगाऊ नोंदणीची कथा

जून २०१२. अमेरिकेतील कॅन्ससच्या बटरफ्लाय लॅब्स या कंपनीने केवळ बिटकॉइन ‘खणण्यासाठी’ घडवलेल्या नव्या यंत्रांची नोंदणी सुरू केली. किंमत १४९ पासून २९,८९९ डॉलरपर्यंत. संपूर्ण रक्कम आधी भरायची, माल ऑक्टोबरमध्ये मिळणार. यंत्र मात्र तयार झालेले नव्हते.

आगाऊ पैसे घेण्याची प्रथा जगाला नवी नाही. घर, मोटार, दिवाळी अंक, सारे काही आगाऊ विकले जाते. मग येथेच अन्यायाची ओरड का झाली? उत्तर यंत्राच्या स्वभावात आहे.

बिटकॉइनच्या जाळ्यात साधारण दर दहा मिनिटांनी एक खंड जोडला जातो. २८ नोव्हेंबर २०१२ नंतर प्रत्येक खंडामागे २५ नवी नाणी मिळत. म्हणजे साऱ्या जगात मिळून दिवसाला सुमारे ३,६००. यंत्रे वाढली म्हणून नाणी वाढत नाहीत. दर २,०१६ खंडांनंतर, म्हणजे सुमारे दोन आठवड्यांनी, कोड्याची काठिण्यपातळी नव्याने ठरते. एकूण बळाचा शंभरावा हिस्सा ज्याच्याकडे, त्याला दिवसाला ३६ नाणी. एकूण बळ दहापट झाले की त्याच यंत्राला ३.६.

आता तारखा पाहाव्यात. जानेवारी २०१३ मध्ये काठिण्यपातळी सुमारे ३० लाख होती. वर्ष संपताना ती शंभर कोटींच्या पुढे गेली, तीनशे पटींहून अधिक. उशिरा आलेला फ्रिज उशिरा का होईना, पाणी गार करतो. उशिरा आलेले हे यंत्र म्हणजे निव्वळ वरातीमागून घोडे. शिवाय विक्रेत्याने विकलेले प्रत्येक यंत्र आधीच्या ग्राहकाचा वाटा कमी करीत असे, आणि हे विक्रेत्याइतके स्पष्ट दुसऱ्या कोणालाच दिसत नव्हते.

विक्रेत्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. विशेष चिप घडवण्याचा खर्च पहिली चिप हाती येण्याआधीच करावा लागतो, आणि २०१२ मध्ये अशा धंद्याला कर्ज देणारी बँक सापडणे कठीण होते. चीनमधील अॅव्हलॉनच्या चमूने याच मार्गाने पहिली ३०० यंत्रे प्रत्येकी १,२९९ डॉलरना विकली आणि जानेवारी २०१३ च्या अखेरीस पहिले यंत्र ग्राहकाच्या घरी पोहोचले. त्या पहिल्या मानकऱ्यांची गुंतवणूक काही दिवसांतच वसूल होण्याजोगी होती. पण हे यश खरे तर प्रश्न अधिक तीव्र करते. ग्राहक येथे भांडवलदाराचा धोका पत्करत होता. मात्र त्याला ना व्याज होते, ना कंपनीत हिस्सा, ना हिशेब मागण्याचा अधिकार.

चलनाने आणखी एक पेच घातला. कॅलिफोर्नियाच्या हॅशफास्टने ऑगस्ट २०१३ मध्ये सुमारे ५,६०० डॉलरना यंत्रे विकली. अनेकांनी पैसे बिटकॉइनमध्ये भरले. त्या वेळच्या भावाने पन्नासच्या आसपास नाणी. ३१ डिसेंबरची मुदत उलटली. दरम्यान नाण्याचा भाव सातपटीच्या घरात गेला होता. ग्राहक म्हणत, नाणी परत द्या. कंपनी म्हणे, नोंदणीच्या दिवशीचे डॉलर घ्या. त्या डॉलरांत जेमतेम सात-आठ नाणी येत होती. वाद न्यायालयात गेला आणि २०१४ मध्ये कंपनी दिवाळखोरीत.

अमेरिकेत टपालाने माल विकणाऱ्यांसाठी १९७५ पासून नियम आहे: दिलेल्या तारखेला ठोस आधार हवा, आणि उशीर होणार असेल तर ग्राहकाला पैसे परत घेण्याचा पर्याय द्यायलाच हवा. कापड आणि भांडी डोळ्यांपुढे ठेवून केलेला हा नियम, दर पंधरवड्याला किंमत गमावणाऱ्या वस्तूपुढे तोकडा पडतो. परत मिळालेली रक्कम हुकलेले महिने परत देत नाही.

बटरफ्लायचे काय झाले? सप्टेंबर २०१३ पर्यंत २०,००० हून अधिक ग्राहकांना पैसे भरूनही यंत्र मिळालेले नव्हते, असे फेडरल ट्रेड कमिशनने सप्टेंबर २०१४ मधील तक्रारीत म्हटले. आणखी एक आरोप त्याहून बोचरा होता: ग्राहकांची यंत्रे पाठवण्याआधी कंपनी त्यांवर स्वतःसाठीच नाणी खणत होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये तडजोड झाली. कंपनी आणि तिच्या एका प्रमुखावर मिळून सुमारे ३ कोटी ८६ लाख डॉलरची जबाबदारी ठरली. ऐपत नसल्याने तिचा बहुतांश भाग स्थगित झाला. प्रत्यक्षात भरायचे होते कंपनीने १५,००० आणि त्या प्रमुखाने ४,००० डॉलर.