अंकुशाची कथा

अन्नांतील प्रथिनांचे तुकडे करणारीं वितंचकें, म्हणजे एन्झाइमें, आपल्या शरीरांतच तयार होतात. मग तीं आपल्याच जन्मस्थानाला कां पचवून टाकीत नाहींत?

अमेरिकेंत प्रिन्स्टन येथें मोझेस कुनिट्झ व जॉन नॉर्थ्रॉप ह्यांनीं १९३६ सालीं ह्या कोड्याची एक बाजू उलगडली. स्वादुपिंडांत ट्रिप्सिन हें वितंचक आधीं निष्क्रिय रूपांत असतें, हें तर खरेंच. पण त्याच्या शेजारींच त्याला घट्ट चिकटून त्याचें काम बंद पाडणारा एक निरोधकही असतो. बैलाच्या स्वादुपिंडांतून त्यांनीं तो स्फटिकरूपांत वेगळा केला. पुढें १९४५ सालीं कुनिट्झ ह्यांनीं सोयाबीनमधूनही असाच निरोधक मिळविला. सोयाबीन शिजवून कां खावें, ह्याचें एक कारण त्यांत आहे.

इथवर निरोधक म्हणजे केवळ पहारेकरी. त्याचा दुसरा गुण उजेडांत आला तो स्वित्झर्लंडमध्यें. बासेल येथील डेनी मोनार व त्यांचे सहकारी ह्यांनीं मज्जापेशींना सोबत करणाऱ्या ग्लिया जातीच्या पेशी प्रयोगशाळेंत वाढविल्या. ज्या द्रवांत त्या वाढल्या, तो द्रव मज्जार्बुदाच्या अपक्व पेशींवर घालतांच त्यांना लांब तंतू फुटूं लागले. अपक्व पेशीनें आपलें विशिष्ट रूप धारण करावें, ह्यालाच पेशी-विभेदन म्हणतात. हें निरीक्षण १९७३ सालीं प्रसिद्ध झालें. त्या द्रवांतील किमयागार कोण, ह्याचा शोध पुढें तेरा वर्षें चालला. १९८६ सालीं त्याची रचना उलगडली; तो प्रथिनें तोडणाऱ्या वितंचकांचाच निरोधक होता! रक्त गोठविणारें थ्रॉम्बिन हें वितंचक अशा पेशींवर घातलें असतां फुटलेले तंतू आंत ओढले जातात, हें १९८८ सालीं दिसून आलें. तोडणारा आणि आवरणारा ह्यांच्या तोलावर पेशीचें रूप ठरत होतें.

परंतु येथें एक सावधगिरी हवी. हा निरोधक ज्यांच्यांत मुळींच तयार होत नाहीं असे उंदीर संशोधकांनीं निपजविले. ते जगले, मात्र त्यांच्या मेंदूंतील विद्युत्-व्यवहारांत फरक पडला, असें १९९७ सालीं प्रसिद्ध झालें. काचेच्या बशींतील पेशीनें दाखविलेली वाट खरी असली, तरी सबंध प्राण्याच्या देहांत तेवढी एकच वाट असते असें नाहीं. मज्जातंतू पुन्हां वाढविण्याची आशा बाळगणाऱ्यानें आशेबरोबर हा विवेकही बाळगावा.