आयपी पीबीएक्स आणि त्याची सुरक्षा

आयपी पीबीएक्स : कार्यालयातले सगळे फोन एकमेकांशी आणि बाहेरच्या जगाशी इंटरनेट प्रोटोकॉलवर (आयपी) चालणाऱ्या जाळ्यातून जोडून देणारे खासगी एक्स्चेंज. जुन्या ईपीएबीएक्सचे हे पुढचे रूप. ईपीएबीएक्स म्हणजे रिसेप्शनच्या मागच्या भिंतीवरची पेटी, तिच्यातून प्रत्येक टेबलापर्यंत गेलेली तांब्याच्या तारांची जोडी आणि ‘शून्य दाबा, मग नंबर लावा’ ही सूचना. आता पेटीची जागा सर्व्हरने घेतली आहे आणि तारांची जागा संगणकाच्याच नेटवर्क केबलने. टेबलावरचा फोन मात्र दिसायला फोनच राहिला. आत तो संगणक आहे, त्याला पत्ता आहे, पासवर्ड आहे, त्याचे सॉफ्टवेअर जुने होते. तरीही कार्यालय त्याच्याकडे फोन म्हणूनच पाहते. या यंत्रणेचे बहुतेक धोके याच गैरसमजातून निघतात.

बोलणाऱ्याचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो. सर्रास वापरल्या जाणाऱ्या जी.७११ या पद्धतीत सहसा दर २० मिलिसेकंदांच्या आवाजाचे एक पॅकेट बनते, १६० बाइटचे. म्हणजे एका बाजूने सेकंदाला ५० पॅकेटे. त्यांची ने-आण आरटीपी ही पद्धत करते. घंटी वाजवणे, फोन उचलला की जोडून देणे, ठेवला की तोडणे हे पूर्वीच्या ऑपरेटरचे काम आता ‘सिप’ करते. सिपचे पहिले प्रमाण मार्च १९९९ मध्ये आले. आज चालते ते जून २००२ मधले. त्याच १९९९ साली अमेरिकेत मार्क स्पेन्सर या तरुणाला आपल्या लहानशा कंपनीसाठी फोन यंत्रणा परवडेना, म्हणून त्याने ती स्वतःच लिहून काढली आणि सर्वांसाठी खुली केली. ‘अॅस्टेरिस्क’ हे तिचे नाव. जे काम करायला महागडी यंत्रे लागत, ते तिच्यामुळे एका साध्या संगणकावर होऊ लागले. या क्षेत्रातली ही सर्वांत उपकारक घटना म्हणावी लागेल. पण बसवणे स्वस्त झाले म्हणून सांभाळणे स्वस्त झाले नाही.

सकाळी फोन सुरू झाला की तो सर्व्हरला कळवतो, ‘मी एक्स्टेंशन २०४, सध्या या पत्त्यावर आहे.’ सर्व्हर पासवर्ड तपासतो आणि २०४ ला आलेले फोन तिकडे पाठवू लागतो. पासवर्ड बरोबर देणारा जगात कुठेही बसलेला असो, सर्व्हरच्या लेखी तोच २०४. सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा असेल, तर त्याची नोंदवही एकदा रात्री उघडून पाहावी. १०० नाकारले, १०१ नाकारले, १०२ नाकारले, अशा ओळी थांबत नाहीत. दार ठोठावणारा हा माणूस नसतो, प्रोग्राम असतो. अनेक नोंदींत तो आपले नाव ‘फ्रेंडली-स्कॅनर’ असे सांगतो. सिप यंत्रणा तपासता याव्यात म्हणून २००७ मध्ये ‘सिपव्हिशस’ हे साधन निघाले, त्याचे हे मूळचे नाव. चोरट्यांनी ते बदलण्याचीही तसदी घेतलेली नसते. एक्स्टेंशन १०१, पासवर्डही १०१, असे एक जरी सापडले तरी त्यांचे काम होते.

त्यानंतर जे होते त्याला धंद्यात टोल फ्रॉड म्हणतात. चोर त्या एक्स्टेंशनवरून परदेशातल्या महागड्या नंबरांवर फोन लावतो. अशा प्रत्येक मिनिटाच्या आकारातला काही हिस्सा तो नंबर घेणाऱ्याला मिळतो, आणि तो नंबर चोराच्याच साखळीतला असतो. पलीकडे कोणी बोलत नाही, लाइन नुसती चालू राहते. एकाच एक्स्टेंशनवरून एकाच वेळी अनेक कॉल लावता येतात, त्यामुळे बिल तासाच्या हिशेबाने फुगते. शनिवारची रात्र, दिवाळीची सुट्टी, कार्यालयाला कुलूप असण्याची वेळ यासाठी सोयीची. सोमवारी कॉलची यादी उघडणाऱ्या लेखनिकाला आपण कधी ऐकलेही नाहीत अशा देशांचे कोड दिसतात. कॉल ग्राहकाच्या यंत्रणेतूनच गेलेले असल्याने फोन कंपनी बिल मागते, आणि वाद तिथून सुरू होतो. मायामीच्या एडविन पेना याने याच चोरीचा घाऊक व्यापार केला. इतरांच्या यंत्रणांत घुसून त्याने १ कोटीहून अधिक मिनिटे विकली. २०१० मध्ये त्याला १० वर्षांची शिक्षा झाली. कारखान्यातून आलेले, कधीच न बदललेले पासवर्ड हाच आपला मोठा आधार होता, असे त्याच्या साथीदाराने सांगितले होते.

चोरून ऐकणे त्या मानाने कमी घडते, पण ज्या जाळ्यातून पॅकेटे जातात तिथे पोहोचलेल्याला ते अवघड नाही. साधे आरटीपी कुलूपबंद नसते. पकडलेली पॅकेटे क्रमाने जोडली की संभाषण ऐकू येते. एसआरटीपी हे कुलूप मार्च २००४ पासून उपलब्ध आहे, तरी अनेक ठिकाणी ते लावलेलेच नसते.

पलीकडच्या फोनवर दिसणारा नंबर हाही सिपमध्ये शेवटी एक लिहिलेला मजकूर असतो. मधल्या कंपनीने तपासला नाही, तर हवा तो नंबर लिहिता येतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथून इंटरनेट फोनने अमेरिकेतल्या लोकांना आयकर अधिकारी असल्याचे सांगून धमकावले जात होते. पुढे दिसणारा नंबर तपासता यावा म्हणून अमेरिकेने मोठ्या फोन कंपन्यांना ३० जून २०२१ पर्यंत आयपी जाळ्यातल्या कॉलला सांकेतिक सही जोडण्याची सक्ती केली. आता वारे उलटेही वाहते : परदेशातून येणारा कॉल भारतीय नंबर दाखवतो आणि इथल्या निवृत्त माणसाला ‘डिजिटल अटके’ची भीती घालतो. असे कॉल अडवणारी केंद्रीय यंत्रणा भारत सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली.

वरच्या बहुतेक प्रकारांत ग्राहकाची काही ना काही हयगय दिसते. मार्च २०२३ च्या थ्रीसीएक्स प्रकरणात ती नव्हती, म्हणून ते समजून घेण्यासारखे आहे. थ्रीसीएक्स ही व्यावसायिक फोन यंत्रणा बनवणारी कंपनी. आपले ६ लाख ग्राहक आणि रोजचे १ कोटी २० लाख वापरकर्ते असल्याचे ती सांगत असे. संगणकावर चालणाऱ्या तिच्या फोन अॅपचे अधिकृत, कंपनीची सही असलेले अपडेटच विषारी निघाले. ‘अपडेट वेळेवर करा’ हा सल्ला ज्यांनी पाळला तेच सापडले. अँटिव्हायरसने इशारे दिले होते, पण कंपनीच्या अॅपवरचा तो खोटा गजर असावा असे अनेकांना काही दिवस वाटत राहिले. तपासात मॅन्डियंट या संस्थेला मूळ सापडले ते थ्रीसीएक्सच्या एका कर्मचाऱ्याच्या खासगी संगणकावर. त्याने वायदे बाजाराच्या व्यवहारांचे ‘एक्स_ट्रेडर’ हे बंद पडलेले सॉफ्टवेअर उतरवले होते, आणि तेही आधीच विषारी केलेले होते. एका पुरवठादारावरच्या हल्ल्यातून दुसऱ्या पुरवठादारावर हल्ला झाल्याचे आपण प्रथमच पाहत आहोत, असे मॅन्डियंटने म्हटले. यामागे उत्तर कोरियाशी संबंधित टोळी असल्याचा तिचा निष्कर्ष होता.

बचावाचे उपाय अवघड नाहीत. सर्व्हर थेट इंटरनेटवर ठेवू नये. मध्ये एसबीसी हा पहारेकरी बसवावा किंवा घरून काम करणाऱ्यांना व्हीपीएनमधूनच आत घ्यावे. फोनसाठी आतले जाळे वेगळे असावे. पासवर्ड लांब आणि यंत्राने बनवलेला हवा, एक्स्टेंशनचा आकडा नव्हे. सर्वांत मोठा फायदा सर्वांत साध्या गोष्टीचा होतो : ज्यांना लागत नाही त्यांची आयएसडी बंद करणे आणि दिवसाच्या खर्चाला मर्यादा घालणे. अडचण आहे ती हे कोणी करायचे याची. फोन बसवणारा म्हणतो नेटवर्क आयटीचे, आयटीवाला म्हणतो फोन प्रशासनाचा, आणि प्रशासनाकडे फक्त बिल येते. त्या सर्व्हरवर एका माणसाचे नाव लिहिलेले नसेल, तर महागड्या उपकरणाचाही उपयोग होत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

भारतात इंटरनेट दूरध्वनीला एप्रिल २००२ पासून मर्यादित मुभा मिळाली. नोव्हेंबर २०२० मध्ये कॉल सेंटरांवरची नोंदणीची अट निघाली, त्यामुळे कर्मचाऱ्यांनी घरी नेलेली एक्स्टेंशने तिथेच ठेवणे सोपे झाले. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घुसखोरीसारख्या घटनेची खबर ६ तासांत द्यावी लागते आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. लहान कार्यालयातल्या अनेक सर्व्हरांत तेवढी जागाच नसते. जुन्या नोंदीवर नवी नोंद चढत जाते. बिल महिन्याने हातात पडते आणि तक्रार घेऊन माणूस पोलीस ठाण्यात पोहोचतो, तोवर त्या रात्रीच्या ओळी पुसल्या गेलेल्या असतात.