कोरी शिळा आणि लक्षणा : कार्ल आंद्रेच्या ‘स्टोन फील्ड स्कल्प्चर’संबंधी

१९७७ साली अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याच्या राजधानीत, हार्टफर्डच्या मध्यवस्तीत, गोल्ड स्ट्रीटच्या कडेच्या हिरवळीवर छत्तीस धोंडे मांडण्यात आले. मांडणी आठ ओळींची. पहिल्या ओळीत एक धोंडा, दुसरीत दोन, तिसरीत तीन, असे करीत आठव्या ओळीत आठ. एकटा असलेला पहिला धोंडा सर्वांत मोठा, सुमारे ११ टनांचा. पुढे ओळीतील संख्या वाढत जाते तसतसा धोंड्यांचा आकार घटत जातो आणि शेवटच्या ओळीतले धोंडे १,००० पौंडांच्या आसपास येऊन ठेपतात. एकाही धोंड्याला छिन्नी लागलेली नाही. जवळच्या ब्रिस्टल येथील वाळू-खडीच्या खाणीतून ते निवडून आणलेले आहेत, आणि त्याआधी हिमयुगातील हिमनद्यांनी ते ठिकठिकाणच्या खडकांतून उखडून त्या भागात आणून टाकले होते. त्यामुळे त्यांत ग्रॅनाइट आहे, शिस्ट आहे, बसाल्ट आहे, त्या खोऱ्यातला वालुकाश्मही आहे. शिल्पाचे नाव ‘स्टोन फील्ड स्कल्प्चर’, शिल्पकार कार्ल आंद्रे (१९३५–२०२४), खर्च ८७,००० डॉलर.

हा शेवटचा आकडा गावभर झाला. एका स्थानिक दातृसंस्थेने दिलेल्या पैशात राष्ट्रीय कलानिधीच्या अनुदानाची भर पडलेली होती, म्हणजे काही अंशी हा करदात्यांचा पैसा होता. शेतातून नांगराला लागणारे धोंडे बाहेर काढण्यात पिढ्यान् पिढ्या घालवलेल्या या प्रदेशात धोंडे विकत आणून मांडणे हा प्रकार नागरिकांना थट्टेचा वाटला, आणि महापौरांपासून पादचाऱ्यांपर्यंत अनेकांनी तो तसा बोलून दाखवला. वर्षभरापूर्वीच, १९७६ मध्ये, लंडनच्या टेट गॅलरीने खरेदी केलेल्या आंद्रेच्या १२० विटांच्या रचनेवरून ब्रिटिश वृत्तपत्रांनी असाच गदारोळ केला होता. कलेतिहासाच्या पुस्तकांत या दोन्ही प्रसंगांची हकिगत बहुधा एकाच साच्यात सांगितली जाते : अजाण लोक, द्रष्टा कलावंत, यथावकाश लोकांना पडलेली सवय. हा साचा मला अपुरा वाटतो. नागरिकांच्या आक्षेपामागे एक कलाविचार होता : कलाकृतीत श्रम दिसले पाहिजेत आणि तिने काहीतरी सांगितले पाहिजे. कैवार घेणाऱ्या समीक्षकांमागेही एक कलाविचार होता : दगड हा दगडच आहे, तो कशाचे प्रतीक नाही, आणि हेच या शिल्पाचे सामर्थ्य. दोन्ही पक्ष एका गोष्टीवर मात्र एकमताचे होते. हे धोंडे काही सांगत नाहीत, हे दोघांनाही मान्य होते. एकासाठी ती तक्रार होती, दुसऱ्यासाठी प्रशस्ती. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) मांडलेल्या लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी या दोन ध्रुवांची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे, परंतु हार्टफर्डमध्ये दोन्ही ध्रुव एकाच गृहीतावर उभे होते, आणि प्रस्तुत लेखात तेच गृहीत तपासायचे आहे.

त्याची वैचारिक पूर्वपीठिका थोडक्यात अशी. १९६५ मध्ये डॉनल्ड जडने चित्र आणि शिल्प या दोहोंहून वेगळ्या अशा ‘विशिष्ट वस्तूं’ची कल्पना मांडली, पुढच्या वर्षी रॉबर्ट मॉरिसच्या शिल्पविषयक टिपणांतून वस्तू, अवकाश आणि प्रेक्षकाचा देह यांच्या परस्परसंबंधावर भर आला, १९६७ मध्ये मायकेल फ्रीडने याच संबंधाला ‘नाटकीपणा’ म्हणून दूषण दिले. फ्रीडचा हल्ला विरोधकाचा असला तरी मिनिमलिझमचे वर्म त्याच्याइतके नेमके फारसे कोणी ओळखलेले नाही. ही वस्तू एकटी पुरी होत नाही, तिला परिस्थिती लागते, हे त्याने हेरले. आंद्रेची स्वतःची भूमिका याला समांतर होती. शिल्पाचा प्रवास आकाराकडून रचनेकडे आणि रचनेकडून स्थळाकडे झाला आहे, असे तो मानीत असे. १९६० नंतर सुमारे चार वर्षे त्याने रेल्वेत मालगाड्यांवर काम केले होते. सारखे डबे, त्यांची ओळ, त्यांची अदलाबदल या अनुभवाशी त्याच्या रचनांचे नाते त्याने पुढे जोडलेले आहे. घटक कोरायचा नाही, जोडायचा नाही, डिंक-खिळे वापरायचे नाहीत. नुसता दुसऱ्याशेजारी ठेवायचा.

आपल्यासारख्या साहित्याच्या अभ्यासकांना याहून महत्त्वाची वाटावी अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे आंद्रे कविता करीत असे. टंकयंत्रावर, प्रत्येक अक्षराला सारखी जागा देणाऱ्या कागदावर, तो शब्द विटांसारखे रचीत असे. वाक्यरचना काढून टाकायची, व्याकरणाचा सांधा काढून टाकायचा, शब्दाला शब्दाशेजारी उभा करायचा. ‘अमेरिका ड्रिल’ (१९६३) या दीर्घ रचनेत त्याने न्यू इंग्लंडमधील मूलनिवासींचा नेता मेटाकोमेट ऊर्फ ‘किंग फिलिप’, एमर्सन आणि वैमानिक लिंडबर्ग यांच्याविषयीच्या मजकुरांतून शब्द उपटून एकत्र गुंफले. हेतू, निदान बाह्यतः, शब्दाला निव्वळ वस्तू करण्याचा होता. पण ‘किंग फिलिप’ हे दोन शब्द कोणत्याही वाक्याविना ठेवले तरी १६७५–७६ चे युद्ध, जळालेली गावे आणि गुलाम म्हणून विकलेले कैदी त्यांच्यामागे येतातच. वाक्य मोडल्याने शब्दाचा अन्वय मोडतो, स्मृती मोडत नाही. शब्दांच्या बाबतीत हे आपण सहज मान्य करतो. दगडाच्या बाबतीत मान्य करायला कचरतो.

आता स्थळाकडे वळू. या हिरवळीला लागून हार्टफर्डचे सेंटर चर्च आणि त्याची प्राचीन दफनभूमी आहे. १६४० च्या सुमारास सुरू झालेली ही दफनभूमी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत वापरात होती. तिथल्या स्मृतिशिळा बहुतांशी त्याच खोऱ्यातील तांबूस वालुकाश्माच्या, घासून सपाट केलेल्या, वर नाव, वर्ष आणि पंख असलेले मुखवटे कोरलेल्या. म्हणजे हद्दीच्या एका बाजूला अक्षर कोरलेला दगड आहे आणि दुसऱ्या बाजूला अक्षर नसलेला. दफनभूमीची शांतता पुढे न्यावी असा आपला विचार असल्याचे आंद्रेने सूचित केले होते. तेव्हा हे सान्निध्य अपघाती नाही, निवडलेले आहे. तरीसुद्धा हे शिल्प कशाचेही प्रतीक नाही, या त्याच्या एकूण भूमिकेला या कबुलीने बाध येतो असे त्याला वाटलेले दिसत नाही. का वाटले नाही, याचे उत्तर पाश्चात्त्य समीक्षेपेक्षा आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत अधिक नेटके देता येते.

आंद्रेने नाकारले ते रूपक. दगड म्हणजे काळ, दगड म्हणजे मृत्यू, दगड म्हणजे निसर्ग, असे साम्यावर आधारलेले समीकरण त्याला नको होते. पण लक्षणेचा आधार नेहमी साम्यच असतो असे नाही. ‘गंगेवर गवळीवाडा’ या शास्त्रकारांच्या नेहमीच्या उदाहरणात प्रवाह आणि तीर यांच्यात साम्य नाही, सामीप्य आहे. मम्मटाने लक्षणेच्या तीन अटी सांगितल्या आहेत : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी लक्ष्यार्थाचा संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन. त्या हार्टफर्डच्या हिरवळीवर लावून पाहाव्या. मुख्यार्थ : हे धोंडे आहेत. बाध : धोंडे शहराच्या मध्यभागी, एक-दोन-तीनच्या हिशेबाने, उतरत्या आकारात, सार्वजनिक पैशाने येऊन पडत नाहीत. ‘हे तर नुसते धोंडे; मग इथे कशाला?’ हा नागरिकांचा चिडका प्रश्न म्हणजे मुख्यार्थबाधाचा तंतोतंत अनुभव होय. ज्याला आपण अरसिकता समजत आलो, ती वाचनाची पहिली पायरी होती. समीक्षकांनी ‘दगड दगडच आहे’ असे बजावून लोकांना त्या पायरीवरून खाली उतरवले, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरू नये.

दुसरी अट संबंधाची. तो सामीप्याचा, हे वर आलेच. तिसरी प्रयोजनाची, आणि गंगेच्या उदाहरणातील शैत्य-पावनत्वाप्रमाणे ते व्यंजनेनेच कळायचे. व्यंजनेला हातभार लावणाऱ्या गोष्टींत मम्मट वक्ता आणि श्रोता यांच्याबरोबर अन्यसन्निधी, देश आणि काल यांचीही गणना करतो. अन्यसन्निधी म्हणजे तेथे तिसऱ्या व्यक्तीची उपस्थिती; आपण ती कोरलेल्या शिळेपर्यंत ताणतो आहोत, हे मान्य केले पाहिजे. पण ‘काल’ मात्र मुळीच ताणावा लागत नाही, कारण या शिल्पाच्या व्यंजनेत काळाने खरोखरीच बदल घडवला आहे.

त्या दफनभूमीत सुमारे ६,००० माणसे पुरलेली असावीत असा अंदाज आहे. आज उभ्या असलेल्या स्मृतिशिळा चारशेच्या थोड्या वर. ज्यांच्या नावे आज काही उरलेले नाही अशांत तीनशेच्या आसपास आफ्रिकी वंशाचे लोक होते, गुलाम आणि मुक्त दोन्ही; आणि त्यांच्यातच कृष्णवर्णी समाजाने आपल्यातून निवडलेले ‘ब्लॅक गव्हर्नर’ही होते. स्थानिक शाळकरी मुलांच्या शोधकार्यातून ही नावे पुढे आली आणि १९९८ मध्ये त्या दफनभूमीत त्यांच्यासाठी स्मारकशिळा उभी राहिली. १९७७ मध्ये हिरवळीवर उभे असलेल्या माणसाला डाव्या-उजव्या हाताला दोनच प्रकारचे दगड दिसत होते, कोरलेला आणि कोरा. १९९८ नंतर त्याला तिसरी गोष्ट दिसू लागते : जो दगड कधी ठेवलाच गेला नाही तो. अक्षर नसलेल्या छत्तीस धोंड्यांकडे पाहताना अक्षर न मिळालेल्या मृतांचे स्मरण न होणे आता अवघड आहे.

हे अतिवाचन आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. आंद्रेच्या मनात गुलामांच्या कबरी होत्या असे माझे म्हणणे नाही. तसा कोणताही पुरावा मला ठाऊक नाही. शिवाय असे वाचन एका धोक्याकडे नेते. कलाकृतीला आयतेच नैतिक वजन मिळते आणि ज्यांची नावे बुजली त्यांच्या वाट्याला मात्र काहीच येत नाही. हा धोका खरा आहे. त्यावर उत्तर एवढेच की या वाचनाने शिल्पाची प्रतिष्ठा वाढत नाही, उलट त्याचा एक दावा कमी होतो. आपण निरर्थ आहोत हा तो दावा. निरर्थ राहणे ही चैन ज्या दगडाला परवडते तो दगड वाळवंटात असावा लागतो.

याच पिढीतील इतर भूमिकला आठवली तर हे स्पष्ट होईल. मायकेल हायझरने नेव्हाडात २,४०,००० टन खडक-माती हलवून ‘डबल निगेटिव्ह’ (१९६९) खोदले; रॉबर्ट स्मिथसनने यूटामधील खाऱ्या सरोवरात १,५०० फूट लांबीची ‘स्पायरल जेटी’ (१९७०) काळ्या बसाल्टने बांधली; रिचर्ड लाँग दूरच्या डोंगरांत चालता चालता वाटेतले दगड ओळीने किंवा वर्तुळात मांडून, त्यांचे छायाचित्र घेऊन पुढे जात राहिला. त्या दगडांचा शेजार मुख्यतः भूगर्भाचा आहे, आणि निर्जन जागेत इतिहासाचा आवाज आला नाही तर प्रेक्षकाला तो ऐकू न येण्याची मुभा असते. हार्टफर्डला ती नाही. रोझलिंड क्राउसने १९७९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात शिल्प हे मुळात स्मारक होते, ठरावीक जागी उभे राहून त्या जागेविषयी बोलणारे होते, आणि आधुनिक काळात ते बेघर झाले, असे म्हटले आहे. आंद्रेचे धोंडे या बेघरपणातून परत येऊन नेमके स्मारकांच्या दारात उभे राहिले आहेत. फक्त बोलायचे नाही असे त्यांनी ठरवले आहे.

याच संदर्भात आना मेंदिएता हिचे नाव टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. क्यूबात जन्मलेल्या या शिल्पकर्तीने १९८१ मध्ये हारूकोच्या चुनखडीच्या गुहांत स्त्रीदेहाचे आकार कोरले आणि त्यांना तैनो देवतांची नावे दिली. दगडाला नाव देणे हीच तिची कृती होती. १९८५ मध्ये न्यूयॉर्कमधील उंच इमारतीतील घराच्या खिडकीतून पडून तिचा मृत्यू झाला. तिचा पती आंद्रे याच्यावर खटला चालला आणि १९८८ मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. तो निर्णय बदलणे समीक्षकाचे काम नाही. पण दफनभूमीशेजारच्या मुक्या शिळा त्यानंतर काही प्रेक्षकांना आणखी निराळ्या दिसू लागल्या, हीदेखील अर्थाच्या इतिहासातली एक नोंद आहे.

शेवटी शीर्षकाविषयी. न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्यांच्या बोलीत ‘फील्डस्टोन’ म्हणजे शेतातून निघालेला अनघड दगड. त्याची गडगी घालत, जोती भरत, आणि कोरीव शिळेचा खर्च ज्यांना झेपत नसे किंवा ज्यांच्यासाठी तो कोणी करीत नसे, त्यांच्या डोक्याशी तोच दगड अक्षराविना रोवला जाई. आंद्रेने या जोडशब्दाची दोन पदे उलटी केली, एवढेच. क्विन्सी या मॅसॅच्युसेट्समधील ग्रॅनाइटच्या खाणींच्या गावात तो वाढला होता. शेतातला दगड कबरीवर कोणाच्या वाट्याला येतो, हे त्या भागात कोणाला शिकवावे लागत नसे.