नात्सुमे सोसेकी यांची वाङ्मयमीमांसा

इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, अशा आम्हां मंडळींस एक प्रश्न मधूनमधून छळीत असतो. वर्गांत वर्डस्वर्थची एखादी कविता उत्तम म्हणून आम्ही सांगतों. पण तिचें उत्तमपण आमच्या अंतःकरणास पटलेलें असतें, कीं कोणा इंग्रज टीकाकारानें तसें लिहून ठेविलें म्हणून आम्ही माना डोलावितों? बहुतेक जण हा प्रश्न पेन्शनीपर्यंत पुढें ढकलतात. जपानांतील एका अध्यापकानें तो ढकलला नाहीं, आणि त्यापायीं त्याची प्रकृति पार विस्कटली.

नात्सुमे किन्नोसुके (सोसेकी हें त्यांचें टोपणनांव) यांचा जन्म १८६७ सालीं, म्हणजे मेजी राजवटीच्या आदल्या वर्षीं, एदो शहरांत झाला. बाळपणीं ते दत्तक गेले व कांहीं वर्षांनीं पुन्हां जन्मघरीं परतले. त्यांस पहिली गोडी लागली ती चिनी ग्रंथांची. जपानी मुलास चिनी म्हणजे आपल्याकडील संस्कृतासारखी. पुढें काळाची गरज ओळखून ते इंग्रजीकडे वळले आणि १८९३ त तोक्योच्या विद्यापीठाचे पदवीधर झाले. पण पदवी हातीं आली तेव्हां त्यांस वाटूं लागलें कीं, इंग्रजी वाङ्मयानें आपणांस फसविलें! चिनीचा अभ्यास त्यांनीं कांहीं फार कसून केलेला नव्हता, तरी त्या ग्रंथांचा रस पुरेपूर मिळे. इंग्रजीचें ज्ञान त्याहून उणें नव्हतें, तरी तो रस मिळेना. मग चीनमध्यें ज्यास वाङ्मय म्हणतात व इंग्लंडांत ज्यास वाङ्मय म्हणतात, त्या दोन वस्तु मुळांतच भिन्न तर नसतील? तौलनिक वाङ्मयाभ्यासाचा उगम बहुधा ग्रंथालयांत होतो. येथें तो एका माणसाच्या असमाधानांत झाला.

मात्सुयामा व कुमामोतो येथें कांहीं वर्षें शिकविल्यावर १९०० सालीं शिक्षणखात्यानें त्यांस वार्षिक १८०० येन देऊन लंडनला धाडिलें. हुकुमांत ‘इंग्रजी भाषा’ असे शब्द होते, ‘वाङ्मय’ हा शब्द नव्हता. त्याचा खुलासा त्यांनीं निघण्यापूर्वींच विचारून घेतला. एवढ्या रकमेंत ऑक्सफर्ड-केंब्रिजची राहणी झेपण्यासारखी नव्हती. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत केर यांचीं व्याख्यानें कांहीं महिने ऐकून त्यांनीं तीं सोडलीं, आणि क्रेग नांवाच्या शेक्सपिअरच्या व्यासंगी गृहस्थाकडे खासगी शिकवणी धरली. हे क्रेग शेक्सपिअरचा एक कोश रचीत बसलेले असत. सोसेकींनीं पुढें त्यांच्यावर एक छोटा लेख लिहिला. शिष्यानें गुरूचें इतकें विनोदी आणि तरीही इतकें मायाळू चित्र क्वचितच काढलें असेल. क्रेग वारल्याचें कळल्यावर त्या अपुऱ्या कोशाची रद्दी तर झाली नसेल ना, या विचारानें तो लेख संपतो.

१९०१ त इकेदा किकुनाए हे रसायनशास्त्रज्ञ कांहीं आठवडे त्यांच्या बिऱ्हाडीं राहिले. (‘उमामी’ या रुचीचा शोध पुढें १९०८ त लावणारे ते हेच.) त्यांच्याशीं झालेल्या चर्चेनंतर सोसेकींनीं ठरविलें कीं, वाङ्मय म्हणजे काय हें वाङ्मय वाचून कळावयाचें नाहीं. त्यांनीं वाङ्मयाचीं पुस्तकें पेटींत तळाशीं घातलीं आणि खोलीचें दार लावून मानसशास्त्र व समाजशास्त्र वाचावयास बसले. बारीक अक्षरांतील टिपणांची चवड वीतभर उंच झाली. पोटास चिमटा घेऊन ग्रंथ विकत घ्यावे, कोणाशीं बोलूं नये, असा क्रम चालला. त्यांस वेड लागल्याची वार्ता जपानांत पोंचली. त्याच सुमारास, १९०२ च्या सप्टेंबरांत, त्यांचा जिवलग मित्र कवि मासाओका शिकी तोक्योत वारला. लंडनहून आणखी पत्रें धाड, अशी त्या रुग्णानें विनवणी केली होती. तीं लिहावयाचीं राहूनच गेलीं.

१९०३ त परत येतांच ते तोक्योच्या विद्यापीठांत लाफकाडिओ हर्न यांच्या जागीं व्याख्याते झाले. हर्न यांच्या काव्यमय वाणीची संवय झालेल्या विद्यार्थ्यांपुढें या नव्या गुरूनें एक समीकरण मांडलें! वाङ्मयाचा विषय म्हणजे एक कल्पना किंवा संस्कार, अधिक तिला चिकटलेली भावना. भूमितीच्या सिद्धान्तांत पहिली असते, दुसरी नसते. म्हणून तें वाङ्मय नव्हे. विद्यार्थी नाराज झाले, यांत नवल नाहीं. त्या व्याख्यानांचा ‘बुंगाकुरोन’ हा ग्रंथ १९०७ त निघाला. खरें सांगावयाचें तर तो वाचण्यास जड आहे. समीकरणापेक्षां जेन ऑस्टिनच्या वास्तवचित्रणाची त्यांतील वाखाणणीच मनांत अधिक राहते.

त्याच वर्षीं विद्यापीठ सोडून ते ‘आसाही’ वृत्तपत्रांत कादंबरीकार म्हणून गेले. प्राध्यापकी टाकून वर्तमानपत्रांत! १९११ त सरकारनें देऊं केलेली डॉक्टर पदवीहि त्यांनीं नाकारली. १९१४ च्या नोव्हेंबरांत गाकुशूइन येथील विद्यार्थ्यांपुढें त्यांनीं लंडनची हकीकत सांगितली. दुसऱ्यास मद्य पाजून त्याच्या तोंडून चव ऐकावी आणि तीच आपली म्हणून सांगावी, असें आपलें पूर्वीं चाललें होतें, अशी त्यांची कबुली होती. इंग्रज ज्यास सुंदर म्हणतो तें मला सुंदर वाटलें नाहीं, तर माझा अभिप्राय गिळूं नये. हा फरक कां पडतो, तो दोन समाजांच्या चालीरीतींत व स्वभावांत शोधावा, हें त्यांचें म्हणणें. आपल्या त्या ग्रंथास मात्र त्यांनीं व्यंग घेऊन मेलेल्या अर्भकाची उपमा दिली. दोन वर्षांनीं, ९ डिसेंबर १९१६ रोजीं, ते वारले. ‘मेइआन’ ही कादंबरी अर्धीच राहिली होती.