पेला, विडा आणि शब्द

कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातील कडगंची हे गाव मराठी वाचकास ठाऊक आहे ते गुरुचरित्रामुळे. ग्रंथकर्ते सरस्वती गंगाधर हे सायंदेवाचे वंशज, आणि सायंदेव कडगंचीचे. घरची भाषा कानडी असता या कवीने मराठी ओवी हाती धरली. अशा या सीमेवरच्या गावी बसून चीन देशातील मद्यपानाच्या शिष्टाचाराचा विचार करणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु पाहुण्याच्या हाती पेला देताना यजमान नेमके काय मागत असतो, या प्रश्नाचा इतिहास कडगंचीच्या आसपासच्या भूमीत विपुल आहे.

प्रथम चीनची रीत पाहू. तेथे व्यापाराचा करार पुष्कळदा कचेरीपेक्षा जेवणाच्या गोल मेजावर आकार घेतो. यजमान दाराकडे तोंड करून बसतो; मुख्य पाहुण्यास आपल्या उजवीकडे बसवितो; पहिला पेला यजमानाने उचलावयाचा. धाकट्याने पेला दोन्ही हातांनी धरावा आणि वडीलधाऱ्याच्या पेल्याशी भिडविताना आपली कड किंचित खाली ठेवावी. 'कान-पेई' या शब्दांचा अर्थच मुळी 'पेला कोरडा करा' असा आहे. ही रीत आजकालची नव्हे. 'यी-ली' या प्राचीन ग्रंथात गावच्या पानसमारंभाचा स्वतंत्र विधी आहे. आणि त्याहून जुन्या 'शू-चिंग'मध्ये मद्यासक्तीविरुद्धचे राजशासनही आहे. विधी आणि निषेध तेथे जोडीनेच नांदले. इ. स. ९६१ मध्ये सुंग घराण्याच्या संस्थापक सम्राटाने आपल्या सेनापतींना मेजवानीस बोलावून, मद्याच्या भरात त्यांच्याकडून सेनाधिकार सोडवून घेतला, ही कथा तेथे सर्वश्रुत आहे. रक्त न सांडता पेल्याने राज्य स्थिर केले!

आता आपल्या भूमीकडे वळू. चालुक्यांची राजधानी कल्याण, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. तेथील तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेला 'मानसोल्लास' हा ग्रंथ इ. स. ११२९ चा. वीस-वीस अध्यायांच्या पाच विंशतींत त्याने राजजीवनाचे सर्व अंग मांडले आहे. त्याची वर्गवारी आम्हांस बोलकी वाटते. अन्न, पानीय आणि तांबूल हे त्याने राजाच्या उपभोगांत घातले. मदिरापान मात्र अखेरच्या विंशतीत, क्रीडांमध्ये ठेवले. म्हणजे मद्य हा खेळ. त्याचे स्थान मसलतीत नव्हे. मसलतीस आणि प्रतिज्ञेस आपल्याकडे निराळ्या वस्तू लागत. पराक्रमाचे काम पत्करणाऱ्याने भर सभेत विडा उचलावा, शपथ घेणाऱ्याने बेलभंडार उचलावा, ही मराठी मुलखाची रीत. 'विडा उचलणे' हा वाक्प्रचार तिची साक्ष आजही देतो. आम्हांस यातील मर्म असे दिसते की, विडा उचलणारा पूर्ण शुद्धीवर असतो, आणि विडा न उचलण्याची त्याला मोकळीक असते.

पेल्याबरोबर शब्द दिला गेला की काय होते, याचे उदाहरणही येथून जवळच, गुलबर्ग्यास घडले. फेरिश्त्याच्या कथनानुसार बहामनी सुलतान पहिला मुहंमदशहा याने एका जलशात प्रसन्न होऊन गवयांना बिदागी दिली, ती विजयनगरच्या बुक्करायाच्या खजिन्यावरील वरात लिहून! मद्याचा अंमल समजून वजीर सैफुद्दीन घोरी याने ती वरात पाठविली नाही. दुसऱ्या दिवशी सुलतानाने चौकशी केली आणि आपला शब्द नशेतला नव्हे असे सांगून ती रवाना करविली. बुक्करायाने वरात आणणाऱ्यास गाढवावर बसवून त्याची धिंड काढली. इ. स. १३६६ च्या सुमारास युद्ध पेटले. मुद्गलच्या किल्ल्यातील शिबंदी कापली गेली, आणि सूडाच्या फेऱ्यात असंख्य निरपराध मेले. तह झाला तेव्हा गवयांची ती वरात प्रथम चुकती करावी लागली, आणि निःशस्त्रांस मारणार नाही असे वचन सुलतानाने दिले. फेरिश्ता हा पुष्कळ नंतरचा आणि बहामनी बाजूचा लेखक. त्याचे आकडे तपासूनच घ्यावेत. परंतु वजिराच्या मनातील शंका मात्र अगदी खरी वाटते: हा शब्द राजाचा की पेल्याचा?

याच शंकेची दुसरी बाजू म्हणजे न पिणाऱ्या पाहुण्याचे स्थान. तिसऱ्या शतकात चीनच्या वू राज्यात सुन हाओ नावाचा राजा प्रत्येक सभासदास ठरावीक माप मद्य पाजीत असे. वै चाओ या विद्वानास ते झेपेना, म्हणून राजाने त्याला गुपचूप चहा देवविला. पुढे मर्जी फिरली, तेव्हा ती सवलत गेली, आणि इ. स. २७३ मध्ये वै चाओचा प्राणही गेला. 'मद्याऐवजी चहा' हा शब्दप्रयोग चिनी मेजावर आज सभ्य नकार म्हणून चालतो; त्याच्या मुळाशी ही कथा सांगतात. इ. स. २०१२ पासून तेथील शासनाने सरकारी मेजवान्यांवर निर्बंध घातले, त्यातही जुन्या राजशासनाचाच सूर ऐकू येतो.

आम्ही मात्र दुसऱ्यास हसू नये. आमच्या पंगतीतला आग्रह काही कमी जुलमी नसतो. पेल्याच्या जागी जिलबी असते एवढेच. गुरुचरित्राने भोजनाचा सविस्तर आचार सांगितला, आपोष्णीपासून सर्व काही नियमांत बसविले. पण लोकाचाराने पाहुण्यालाही एक हक्क दिला आहे: पानावर हात आडवा धरला की वाढप्याने थांबावे. सायंदेव क्रूर यवन अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून जिवावर उदार होऊन गेला आणि वस्त्रे घेऊन सन्मानाने परतला, ही गुरुचरित्रातील कथा भाविक कृपेची म्हणून वाचतात. आम्हांस तिच्यात आतिथ्याची कसोटीही दिसते. बोलावलेला मनुष्य आपल्या इच्छेने उठून, मानाने घरी परतू शकला, तरच ते बोलावणे. मग मेजावर पेला असो, विडा असो की जिलबी.